रूपीबाईची घुगरी

३ जुलै २०२५
बोरी अरब

बा,

वर नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून नमस्कार. पाया पडली असं समजू नका.

मी बबिता. अक्षरावरून ओळखू येणार नाही, कारण तुम्ही गेले तेव्हा मी बावीसची होती अन् तुमाले पत्र लिहायची पाळी तोवर कधी आलीच नव्हती. चौदा वर्षं झाली. मागच्या महिन्यात फकिरामामा बियाणं आणायले उमरखेडले गेलता, त्याले तुम्ही बाजारात दिसले. जिनिंगवर वॉचमन आहात, हंसाबाईसंगं घर केलं आहे, तब्येत खणखणीत आहे, असं सगळं त्यानं आल्यावर सांगितलं. नंबरही आणला. मी तीनदा लावला. माहा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवता. म्हणून पत्र. पत्र ठेवून दिलं तरी ते घरातच राह्यते.

लहानपणी मी तुमाले 'तू' म्हणत होती. आता तहसीलच्या साहेबाले लिहावं तसं 'तुम्ही' लिहून राह्यली. आपली बोली कागदावर उतरवायची सवय नाही, म्हणून मराठीत. फक्त आईले याडीच लिहीन. ती तुम्हीच शिकवलीती, अंगणातल्या मातीत बोट फिरवून.

मुद्द्यावर येते. याडीले कॅन्सर झाला.

मानेत डाव्या बाजूले, हांसलीच्या खाली, गाठ आहे. लिंबाएवढी. दुखत नाही. दुखली असती तर लवकर दाखवली असती. तांड्यात सगळ्यांले वाटलं हांसलीचा घट्टा आहे. चाळीस वर्षं चांदीचं जड कडं गळ्यात घालून बाई शेतात वाकते, घट्टा पडणारच. तिच्या आईलेही होता म्हणे. मंग संध्याकाळचा ताप सुरू झाला. सकाळी उठली की अंगातली काचळी पिळून काढावी इतका घाम. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. दंडातल्या बांगड्या घसरून कोपरावर येऊन बसल्या, तेव्हा माह्या नवऱ्यानं, बबलूनं, म्हणलं, "बबिता, हे काही खरं नाही. उद्याच्या गाडीनं यवतमाळ."

यवतमाळले गाठीचा तुकडा काढला. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. तिथं उर्वशी मॅडम म्हणून डॉक्टरीण आहे, वयानं माह्यापेक्षा लहान, पण समोर बसवून नीट बोलते. तिनं कागदावर माणूस काढला अन् मानेत, काखेत, छातीत, पोटात, जांघेत टिंबं दिली. म्हणे, "ताई, बाहेरचा रोग अंगात घुसला की या गाठी त्याले अडवतात. आता त्यातल्याच पेशी बिघडल्या अन् बेहिसाब वाढून राह्यल्या. याले लिम्फोमा म्हणतात. याचे लय प्रकार आहेत. आईचा आहे तो जोरात वाढणारा. पण जोरात वाढणारा औषधाचंही जोरात ऐकते."

मी म्हणलं, "मॅडम, वाचते की नाही ते सांगा."

"दहातले सहा वाचतात," ती म्हणाली. मंग बोटं मोडून सांगितलं. वय साठच्या वर आहे, ताप आहे, वजन दहा किलो उतरलं, रक्तातला एक आकडा वाढलेला आहे, हे तिच्या विरोधात. स्वतःच्या पायानं चालत आली अन् हृदय चांगलं आहे, हे तिच्या बाजूनं. पोटातही गाठी आहेत का, ते स्कॅन केल्याशिवाय सांगत नाही म्हणे.

अन् इथंच गाडं अडलं.

स्कॅनच्या खोलीबाहेरचा माणूस म्हणे, अंगावरची चांदी उतरवा. हांसली तर तुकडा काढला तेव्हाच उतरलीती. पायातलं उतरलं. दंडातल्या बांगड्या आजकाल प्लास्टिकच्या, त्या चालतात. राह्यली घुगरी. मॅडमले मी समजावून सांगितलं, की आमच्या बायका दोन्ही कानांजवळ केसांची बट वळून त्यात चांदीची वाटीसारखी टोपली गुंफतात, तिले घुगऱ्या, म्हणजे बारके घुंगरू, लोंबतात. लग्नात सासू गुंफून देते. नवरा आहे तोवर ती केसात राह्यते. नवरा गेला की तांड्यातल्या बायका येऊन सोडतात. मधात कधी निघत नाही.

याडीनं दोन्ही हातांनी दोन्ही घुगऱ्या धरल्या. म्हणे, "हे नाही निघत. तो जिता हाये."

"कोण जिता हाये? चौदा वर्षं झाली, तोंड तरी दाखवलं का त्यानं?"

"तोंड नाही दाखवलं तं काय झालं! म्यां काढली अन् त्याले काही झालं तं?"

तीन वेळा यवतमाळले नेलं, तीन वेळा तशीच वापस आणली. दर खेपेले गाठ वाढलेली. तुमच्या जिवाले धक्का लागू नये म्हणून ती स्वतःचा जीव घालवून राह्यली, बा. एवढा महाग आहे का तुमचा जीव?

तुम्ही या. तिच्यासमोर उभं राहून एवढंच म्हणा, "काढ, मले काही होत नाही." मंग चहा न घेता गेले तरी चालीन. माह्या लग्नालेही तुम्ही आले नव्हते, त्याचं मी काही म्हणत नाही. म्हणते, पण या पत्रात नाही.

बबिता


२७ जुलै २०२५
बोरी अरब

बा,

पंधरा दिवस पोस्टमनची वाट पाह्यली, मंग सोडून दिली. तरी लिहून राह्यली. काहून ते मले विचारू नका.

गाठ श्वासाच्या नळीवर दाबत होती. याडी आडवी झाली की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. मॅडम म्हणाल्या, स्कॅनसाठी अजून थांबलो तर स्कॅन करायले आई राहणार नाही. मंग सोनोग्राफी अन् छातीचा एक्स-रे एवढ्यावरच त्यांनी सोमवारी, एकवीस तारखेले, औषध सुरू केलं. एकवीस-एकवीस दिवसांनी एक डोस, असे सहा. तारीख चुकवायची नाही, असं चार वेळा बजावलं. खंड पडला की उरलेल्या पेशी त्या औषधाले सरावतात, मंग तेच औषध काम करत नाही. पुढचा डोस अकरा ऑगस्टले.

पहिल्या दिवशी सकाळपासून चार वाजेपर्यंत बाटल्या चालल्या. त्यातलं एक औषध लालभडक. याडी नळीकडं पाहून म्हणे, "बाप्पा! होळीचा रंग टाकून राह्यले काय नसात?" शेजारच्या खाटेवरची बाई दुखणं विसरून हसली. लघवीले लाल झाली तेव्हा मात्र घाबरली. मी म्हणलं, रंगच आहे तो, निघून जाते.

अन् बा, औषधानं काम केलं. सहा दिवसांत लिंबाची बोर झाली. काल ती उताणी झोपली. किती महिन्यांनी उताणी झोपली म्हणून मी बाजूले बसून पाहतच राह्यली.

आता दोन गोष्टी लिहिते. त्या मी कोणाजवळ बोलली नाही. बबलूजवळही नाही. तुमाले लिहायची लाज वाटत नाही, कारण तुम्ही काही बोलून दाखवणार नाही.

एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'तांड्यात सगळ्यांले वाटलं घट्टा आहे.' सगळ्यांले म्हणजे मले. संक्रांतीच्या दिवशी याडी म्हणे, बबिता, हांसली रुतून राह्यली. मी हात लावून पाह्यला अन् म्हणलं, घट्टा आहे. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून हांसलीले गुंडाळून दिली. पाच महिने, दर आठवड्याले, पट्टी धुऊन नवी लावत होती. मी शिवणकाम करते, बा. कापडात सुताचा फरक पडला तरी माह्या बोटाले समजते. पाच महिने ती गाठ माह्या बोटांखाली वाढली अन् माह्या बोटाले समजली नाही. समजलीही असन. उन्हाळ्यात लग्नाचे ब्लाऊज शिवायले होते, एका दिवसाची सुटी कोण घेणार, असं वाटलं असन. खरं काय ते आता मलेच सांगता येत नाही.

दोन. मॅडमनं मले बाजूले घेऊन सांगितलं, तिसऱ्या आठवड्यात केस जातील, सगळे जातील, आईले आधीच सांगून ठेवा म्हणजे धक्का बसणार नाही. मी 'हाव' म्हणली. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मंग घुगरी कशाले राहीन? अन् नसात सुई टोचूच दिली नसती. आता रोज सकाळी मी तिच्या उशीकडं पाहते. अजून काही नाही.

तुम्ही या. केस जायच्या आधी या. तुमाले पाहून ती स्वतःच्या हातानं काढीन.

बबिता


८ ऑगस्ट २०२५

बा,

हे पत्र बबलूच्या हातानं पाठवून राह्यली. तो उद्या पहिल्या गाडीनं दिग्रस-पुसद करत येईन. उद्या राखी आहे, एस्टीत पाय ठेवायले जागा राहत नाही, तरी येईन. त्याच्या तोंडावर दार लावू नका.

काल सकाळी याडी न्हायले बसली. मी पाठीवर पाणी टाकत होती. तिनं डावीकडची बट बाजूले करायले बोटात धरली अन् बट हातात आली. ओढली नाही, काही नाही. मुळासकट आली, घुगरीसकट. टोपली फरशीवर पडून वाजली.

मंग याडीनं हंबरडा फोडला. "गेला व माय! धनसिंग गेला!"

तुमचं नाव मी तिच्या तोंडून जन्मात कधी ऐकलं नव्हतं. रेशनच्या कागदावर नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती माह्याकडं पाहायची अन् मी सांगायची. काल ऐकलं.

मी म्हणलं, "याडी, औषधानं केस जातात. सगळ्यांचेच जातात. पाहा, उजवीकडचे पण निघतीन."

ती म्हणे, "मंग तूनं मले आंधी काहून नाही सांगितलं?"

मी फरशीवरची घुगरी उचलून तिच्या हातात दिली. तिनं माह्यावर भरोसा ठेवला नाही. आईले फसवणाऱ्या पोरीवर कोण ठेवीन?

अर्ध्या तासात तांडा जमा झाला. बायका तिच्या गळ्यात पडून, आपल्या रीतीनं सूर लावून रडायले लागल्या. बा, तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या आहेत. मॅडमनं सांगितलं आहे, कोणाचा साधा सर्दी-खोकला तिले लागला तरी जिवावर बेतीन, गर्दीत जाऊ देऊ नका. अन् इथं तीस बायका एकेक करून तिच्या मानेशी तोंड लावून रडून राह्यल्या! मी दारात आडवी झाली. हात जोडले. मंग ओरडली. मंग झाडू उचलला, खोटं कायले सांगू. म्हातारी रूपसिंगची याडी मले म्हणे, बाप मेला अन् पोरीच्या डोळ्यात टिपूस नाही.

तांड्याचा नायक म्हणून देवसिंग आला. त्याले मी तारीख सांगितली. सोमवारी दुसरा डोस आहे, चुकला तर केलेलं सगळं पाण्यात जाईन. तो वाईट माणूस नाही, पण रीत म्हणली की त्याले दुसरं ऐकू येत नाही. म्हणे, बारा दिवस बाई उंबरा ओलांडत नसते. फकिरामामा म्हणे, जूनमध्ये तर धनसिंग धडधाकट होता. नायक म्हणे, जूनची गोष्ट जूनमध्ये.

अन् याडी तर भिंतीकडं तोंड करून पडली आहे. म्हणते, "आता मले औषध कायले पाह्यजे?"

मी तुमाले काल दिवसभर फोन लावला. बबलूच्या फोनवरून लावला, मामाच्या फोनवरून लावला. बंद. एकदा तर मलेच वाटलं, खरंच काही झालं तर नसन?

बा, तू ये. येत नसशील तर फोनवर तोंड दाखव. तू जिवंत आहेस एवढंच तिले दिसू दे. दुसरं काही मागत नाही. मले माफ कर म्हणत नाही, मी तुले माफ करते असंही म्हणत नाही. सोमवारच्या आत जिवंत आहेस एवढं सांग.

बबी


१२ ऑगस्ट २०२५
यवतमाळ

बा,

तुम्ही फोनच्या पडद्यावर दीड मिनिट होते. तुमच्याकडं काय झालं ते बबलूनं सांगितलं. आमच्याकडं काय झालं ते तुमाले माहीत नाही, म्हणून लिहून राह्यली.

बबलू म्हणे, तो पोचला तेव्हा तुमच्या अंगणात माणसं बसलीती. आपल्या तांड्यातून कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं अन् तिकडचे सोयरे तुमच्या मयतीले आले. तुम्ही खाटेवर बसून त्यांले चहा पाजत होते. फोन बंद ठेवलाता, कारण जो तो फोन करून विचारत होता, कधी गेले म्हणून. हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण मले आलं नाही. बबलूनं तुमच्या खिशात माही दोन्ही पत्रं पाह्यली. घड्यांवर फाटलेली. म्हणजे वाचलीती तुम्ही. अनेकदा वाचलीती. तरी आले नाही.

हंसाबाईले माहा नमस्कार सांगा. बबलूनं सांगितलं, तुम्ही मान खाली घालून 'नको, नको' करत होते, तर तिनंच तुमच्या हनुवटीखाली फोन धरला अन् म्हणे, "बोला मुकाट्यानं. एका बाईची सोमवारची सुई चुकून राह्यली."

इकडं मी याडीच्या तोंडासमोर फोन धरला. ती भिंतीकडून वळेना. मंग तुमचा आवाज आला. आपल्या बोलीत दोनच शब्द. "म छू." मी आहे.

याडी वळली. पहिले तिनं डोक्यावर पदर ओढला, केस नव्हते म्हणून की नवरा समोर होता म्हणून, माहीत नाही. तुमाले म्हणाली, "बुढा झाला तू." मंग तिकडून कोणाचा तरी हात आला अन् फोन बंद पडला.

त्यानंतरचं सांगते. नायक दारात होता, मामा होता, चार-पाच बायका होत्या. याडी उठून बसली. उशीखाली रुमालात बांधलेली घुगरी काढून हातात घेतली. म्हणे, "हे पडून दोन दिस झाले. तो तं जिता हाये."

मी म्हणलं, "हाव."

"चहा पिऊन राह्यला."

"हाव."

मंग ती लयच हळू म्हणाली, "म्हणजे हिच्यानं तो जगत नव्हता."

नायक खाकरला. पागोटं सारखं करून निघून गेला. याडीनं मले कैची मागितली. माही शिवणकामाची मोठी कैची दिली. उजवीकडची घुगरी तिनं स्वतः कापली, पाच-सहा केस उरलेते त्यांच्यासकट. बायकांनी तोंडावर पदर घेतले. ती म्हणे, "रडू नका व. कोणी मेलं नाही."

सोमवारी आधी स्कॅन झाला, मंग डोस. नायकानंच गाडी करून दिली. पोटात तीन गाठी निघाल्या. मॅडमनं कागद फिरवून पाह्यला अन् मले खरं ते सांगितलं. दहातले सहा होते, ते पाच झाले. स्कॅन जुलैतच झाला असता तर औषध तेच दिलं असतं, तुम्ही स्वतःले खात बसू नका, असंही म्हणाल्या. मी मानेनं हो म्हणलं. संक्रांतीच्या पट्टीचं त्यांले मी सांगितलं नव्हतं. काल सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, बाया येतात त्या सगळ्यांचं असंच काहीतरी असते." मी तिथंच, औषधाच्या कपाटाजवळ उभी राहून रडली. बाप मेला तेव्हा नाही रडली ती.

बबिता


१४ डिसेंबर २०२५
बोरी अरब

बा,

तुमचं पत्र मिळालं. चौदा वर्षांतलं पहिलं. चार ओळी. मी त्या पाच वेळा वाचल्या, कुठं काही राहून गेलं का म्हणून. 'मले इकडं बरं वाटत नाही. छातीत धडधडते, लोक म्हणतात घुगरीमुळं. रूपीचे केस आले असतील तर तिले घालायले सांग. बाकी ठीक.' तिची तब्येत कशी आहे हे विचारायचं राहून गेलं. कागद लहान होता.

न विचारता सांगते. सहाही डोस झाले, एकही तारीख चुकली नाही. चौथ्यानंतर तोंडात फोड आले, सहाव्यानंतर तिले पायरीही चढवेना, मी अन् बबलूनं उचलून आणली. मानेतली गाठ गेली. मी स्वतः बोटानं पाह्यलं, आता मी रोज पाहते. पोटातल्या दोन गेल्या. एक उरली आहे, सुपारीएवढी. ती जिती आहे की नुसता वण आहे, ते समजायले नागपूरले मोठा स्कॅन करायचा आहे, पुढच्या मंगळवारी. वण असला तर दोन वर्षं तपासण्या करत राहायचं. जिती असली तर दुसरं औषध, अन् मंग दहातले पाचही उरत नाहीत. 'बरी झाली' हा शब्द मॅडमनं अजून वापरला नाही. मीही वापरत नाही.

केस आले आहेत. बोटाच्या पेराएवढे, पांढरे, मऊ. कापसाच्या वेचणीवाल्या बाया येता-जाता डोक्यावरून हात फिरवतात. ती फिरवू देते.

तुमचं पत्र मी तिले वाचून दाखवलं. आधी वाटलं दाखवू नये. पण एकदा लपवून पाह्यलं आहे, त्याचं काय झालं ते तुमाले माहीत आहे. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. पूर्ण ऐकलं. मले म्हणे, "आणखी एकडाव वाच." मी वाचलं. मंग पुन्हा सोलायले लागली. मले भीती वाटली, आता म्हणते की काय, गुंफून दे. तिनं एवढी वर्षं तेच केलं होतं. अन् खरं सांगते, तिनं म्हणलं असतं तर मी गुंफून दिली असती. मंगळवारी पुन्हा चांदी उतरवायची आहे, हे ठाऊक असूनही.

पण आधी माहं ऐका. छातीत धडधडते तर उद्याच उमरखेडले दवाखान्यात जा अन् हृदयाची पट्टी, ईसीजी, काढून घ्या. लोक काय म्हणतात ते ऐकत बसू नका. आम्ही गाठीले घट्टा समजून पाच महिने घालवले. तुम्ही दुखण्याले घुगरी समजून घालवू नका. हंसाबाईले संगं न्या, ती सोडणार नाही.

आता तिचं. तिनं शेंगांचं सूप बाजूले ठेवलं, हात पुसले अन् म्हणाली, "डबी आण." दोन्ही घुगऱ्या काढून ओढणीनं पुसल्या, पुन्हा डबीत ठेवल्या. म्हणे, "हे त्याले धाडून दे. अन् लिव. इतके वर्सं तुहा जीव म्यां डोक्यावर वाह्यला. आता तू ठेव. मले माहा सांभाळाचा हाये, मंगळवारी नागपूरले जाचं हाये."

मी विचारलं, रागानं लिहू का? म्हणे, "नाही व. राग कायचा? त्याची वस्तू हाये, त्याले दे."

डबी या पत्रासंगं पाठवून राह्यली. दोरा मीच बांधला आहे, घट्ट आहे. बा, सांभाळून उघड. डावीकडच्या घुगरीत तिचे केस अजून अडकलेले आहेत. मी काढत होती, तर ती म्हणाली, राहू दे, त्याले पाहू दे.

बबिता